वुनफर्थ तुरुंगात, खुनी मोकळा : ‘ब्लड ऑन द आइस’ क्वेस्टचा प्रकरण अभ्यास

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका भाड्याच्या खोलीवर हे प्रकरण समोर आलं. खेळणारा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. सेकंडहॅण्ड लॅपटॉप, स्कायरिम या व्हिडिओ गेमची २०१६ मध्ये आलेली स्पेशल एडिशन, पात्र लेव्हल २४, बाजू स्टॉर्मक्लोकची, म्हणजे गेममधल्या यादवी युद्धात साम्राज्याविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांची. त्याला गेममधल्या विंडहेल्म शहरातलं ह्येरिम हे घर घ्यायचं होतं. घराची किंमत १२,००० सोन्याची नाणी, आणि त्याच्याकडे पंधरा हजारांच्या वर जमलेली. यादवी युद्धाच्या क्वेस्टमध्ये, म्हणजे गेमने दिलेल्या कामगिरीत, घरासाठी जिथपर्यंत जावं लागतं तिथपर्यंत तो गेलेला होता. तरीही राजवाड्यातला कारभारी योर्लेफ घराचा विषय निघू देत नव्हता.

त्याचं आणि त्याला मदत करणाऱ्या थोरल्या मित्राचं पहिलं बोलणं जसंच्या तसं देतो, कारण सगळं प्रकरण त्यातच आहे.

“दादा, गेमात बग आहे बघ. पैसे आहेत माझ्याकडं, तरी घर देईना.”

“खुनांचं काय केलंस?”

“ते संपवलं की. त्या म्हाताऱ्या जादूगाराला आत टाकलाय.”

“आत टाकायच्या आधी त्याच्याशी बोललास?”

“त्याच्याशी कशाला बोलायचं? खुनी तोच की!”

खुनी तो जादूगार, म्हणजे वुनफर्थ, नव्हता. आणि गेमने त्याला खुनी ठरवलेलंही नव्हतं. ठरवलं होतं ते खेळणाऱ्याने, दोन माणसांच्या सांगण्यावरून. त्या दोघांतला एक स्वतःच खुनी होता.

क्वेस्ट सुरू कशी होते

‘ब्लड ऑन द आइस’ ही विंडहेल्ममधल्या खुनांच्या तपासाची क्वेस्ट. तिचं गेमच्या आतलं नाव एमएस-अकरा. ती कुणी बोलावून देत नाही, त्यामुळे पहिला घोळ सुरुवातीलाच होतो. विंडहेल्ममध्ये तुमची चारेक वेळा तरी ये-जा झालेली असावी लागते, आणि मग संध्याकाळी सातनंतर, पहाटेच्या आत, स्मशानाच्या बाजूने जावं लागतं. दिवसा शंभर फेऱ्या मारल्या तरी काही दिसणार नाही. शहराच्या मुख्य दरवाज्यातून आत आलं की समोर कॅण्डलहार्थ हॉल ही खानावळ आहे. तिथून हॉल ऑफ द डेड, म्हणजे प्रेतं ठेवतात त्या जागेच्या दिशेने वळलं की थडग्यांमध्ये चार-पाच माणसांचा घोळका दिसतो. मध्ये दगडावर एका बाईचं प्रेत असतं.

ही बाई म्हणजे सुझॅना द विकेड, त्याच खानावळीत वाढपी म्हणून काम करणारी. पहाऱ्यावरचा गार्ड सांगतो की हा तिसरा खून आहे. मदतीची तयारी दाखवली की तो जमलेल्यांना विचारायला सांगतो. तिथे तिघे असतात: आर्के या मृत्यूच्या देवाची पुजारीण हेलगर्ड, रस्त्यावर भीक मागणारी सिल्डा, आणि जुन्या वस्तूंचं दुकान चालवणारा कॅलिक्स्टो कोरियम. हेलगर्ड सांगते की बाईची पैशाची थैली जागेवर आहे. म्हणजे हा चोरीसाठी केलेला खून नव्हे. कॅलिक्स्टो म्हणतो, कुणीतरी पळताना दिसल्यासारखं वाटलं, पण चेहरा नीट दिसला नाही. सिल्डाकडून नवं फारसं हाती लागत नाही.

पुन्हा गार्डकडे जायचं, मग राजवाड्यात योर्लेफकडे. त्याने परवानगी दिली की तपास रीतसर तुमचा.

इथे एक गोष्ट वेळेआधीच सांगून ठेवतो, कारण ती नंतर दुरुस्त करता येत नाही. डॉनगार्ड विस्तार बसवलेला असेल तर रात्री शहरांवर व्हॅम्पायरचे हल्ले होतात आणि साधी माणसं त्यात मरतात. हेलगर्ड, किंवा पुढे भेटणाऱ्या व्हायोला, टोवा अशी माणसं गेली की तपासाची साखळी मध्येच तुटण्याची भीती असते. म्हणून विंडहेल्मचं हे काम लवकर, लेव्हल दहाच्या आधी उरकलेलं बरं. लढाई यात जवळजवळ नाहीच, तेव्हा कमी लेव्हलचा काही तोटा होत नाही.

या मुलाने काय काय केलं होतं

त्याच्याकडून सगळा क्रम विचारून घेतला. आठवणीवर विसंबण्यापेक्षा सेव्हची यादी उघडून बघणं खात्रीचं, म्हणून तीही उघडली.

परवानगीनंतर दोन धागे असतात. एक, हॉल ऑफ द डेडमध्ये जाऊन हेलगर्डला प्रेताबद्दल विचारणं. दुसरा, स्मशानापासून निघालेला रक्ताचा माग धरणं. त्याने फक्त दुसरा धरला. मार्कर, म्हणजे पुढे कुठे जायचं ते दाखवणाऱ्या गेममधल्या खुणा, दोन्हीकडे होते. पण रक्ताचा माग डोळ्याला दिसतो आणि हेलगर्डशी फक्त बोलायचं असतं, म्हणून ते राहून गेलं. त्याची पहिली चूक हीच, आणि ती बारीक असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

हेलगर्ड सांगते ते असं: जखमा वाकड्या पात्याच्या हत्याराच्या आहेत, प्राचीन नॉर्ड, म्हणजे स्कायरिमचे मूळचे लोक, मृतदेहात मसाला भरताना जशी हत्यारं वापरत तशा. हे ऐकल्यावर डोक्यात साधा प्रश्न यायला हवा: या शहरात जुन्या नॉर्ड वस्तूंचा नाद कुणाला आहे? राजवाड्यातला जादूगार पुस्तकं आणि औषधांत बुडालेला. जुन्या वस्तू काचेत मांडून माणशी दोन नाणी घेऊन दाखवणारा माणूस एकच आहे, आणि तो खुनाच्या जागी उभा होता. हेलगर्डशी न बोलल्यामुळे हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

रक्ताचा माग बर्फातून ह्येरिमच्या दारापर्यंत जातो. अंधारात तो सुटतो. मशाल धरा किंवा कॅण्डललाइट मंत्र टाका, आणि धावू नका. दाराला कुलूप असतं. किल्ली टोवा शॅटर-शील्डकडे. तिची मुलगी फ्रिगा या घरात राहायची आणि आधीच्या बळींपैकी ती एक. टोवाला नीट विचारलं तर किल्ली मिळते. कुलूप फोडायची हौस असणाऱ्यांनी फोडावं, पण इथे विचारणंच सोपं.

टोवाबद्दल आणखी एक धोका आहे आणि तो फार जणांना माहीत नसतो. डार्क ब्रदरहुड या मारेकऱ्यांच्या टोळीच्या वाटेला गेलेल्यांना मुइरी नावाची एक बाई काम देते. त्यात टोवाची दुसरी मुलगी निल्सिन हिला मारण्याची जादा सुपारी असते. निल्सिन गेली की टोवा स्वतःचा जीव घेते. मग किल्ली मागायला कुणीच उरत नाही. या मुलाने ती सुपारी घेतली नव्हती, एवढं नशीब.

ह्येरिमच्या आत

आत गेल्यावर थांबून बघावं असं हे घर आहे. घाईने मार्कर ते मार्कर पळालात तर हातात दोन वस्तू येतात आणि डोक्यात काहीच राहत नाही.

एका पेटीत ‘बीवेअर द बुचर’ असं लिहिलेल्या पत्रकांचा गठ्ठा मिळतो. बुचर म्हणजे हा खुनीच. ही पत्रकं व्हायोला जॉर्दानो नावाची बाई शहरभर चिकटवत फिरते, लोकांना सावध करायला. ती इथे गठ्ठ्याने का? कुणीतरी ती भिंतींवरून काढून आणली आहेत. कुणीतरी म्हणजे ज्याला शहर सावध झालेलं नको आहे तो. त्याच पेटीजवळ बुचरची पहिली वही मिळते आणि एक विचित्र ताईतही, इन्व्हेंटरीत ज्याचं नाव ‘स्ट्रेंज अम्युलेट’ असं येतं.

मग कपाट. साधं लाकडी, रिकामं दिसणारं कपाट. जुन्या वाड्यांत भिंतीतल्या फडताळामागे चोरकप्पा असायचा, त्याच जातीचं. जवळ गेलं की मागची फळी खोटी असल्याचं दाखवतं. ती बाजूला केली की मागे एक कोंदट खोली. मधोमध वेदी, आजूबाजूला हाडं आणि माणसांचे अवयव, आणि वेदीवर दुसरी वही. दोन्ही वह्या उभ्या उभ्या वाचा, नुसत्या उचलून पोत्यात टाकू नका. लिहिणारा माणूस प्रेतांचे भाग निवडून निवडून गोळा करतोय, जणू काही नवं शरीर बांधायचं आहे. त्यात द्वेष नाही, पैशाचा लोभ नाही, काहीतरी परत आणण्याची धडपड आहे. हा सूर मनात ठेवा. पुढे कॅलिक्स्टो त्याच्या मेलेल्या बहिणीबद्दल, लुसिलाबद्दल, बोलतो तेव्हा तो आठवला पाहिजे.

या मुलाने वह्या उचलल्या, वाचल्या नाहीत. इंग्रजी अवघड जातं म्हणून नव्हे, तो इंग्रजी वाचतो. लॅपटॉपचे स्पीकर फुटके, सबटायटल बंद, आणि संवाद ऐकू येईना म्हणून कळ दाबून पुढे जायची सवय लागलेली. स्कायरिमच्या सेटिंगमध्ये सबटायटलचे दोन वेगळे पर्याय आहेत: एक तुमच्याशी बोलणाऱ्यासाठी, दुसरा आजूबाजूला चाललेल्या बोलण्यासाठी. तपासाच्या क्वेस्टमध्ये दोन्ही चालू ठेवा. ते केल्यावर याच मुलाला आधीची अर्धी क्वेस्ट नव्याने कळली.

ताईत कुणाला दाखवायचा

सगळ्या क्वेस्टची कळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

पत्रकांबद्दल व्हायोलाला विचारलं की तिचा रोख दरबारी जादूगार वुनफर्थ द अनलिव्हिंग याच्यावर असतो. नावातच ‘अनलिव्हिंग’, त्यात तो मेलेले उठवतो अशी गावात कुजबुज. ताईताबद्दल विचारायला जावं लागतं कॅलिक्स्टोकडे. कॅलिक्स्टो हातात घेऊन बघतो आणि सांगतो की हा व्हीलस्टोन आहे, विंडहेल्मच्या दरबारी जादूगाराच्या अधिकाराची खूण. आणि लगेच म्हणतो, मला विकून टाका, ५०० देतो.

गुजरीत जुना दागिना मोडायला नेला तर कोल्हापुरातला कोणताही शहाणा माणूस तो पहिल्याच दुकानात टाकून येत नाही. सांगणाराच घेणारा असेल तर त्याच्या सांगण्यावर जास्त शंका घ्यायची, ही रीत लहान पोरालाही माहीत असते. साजाचं वजन एका दुकानात, कस दुसऱ्या दुकानात. इथे नेमकं तेच करायचं असतं. ज्या माणसाने ताईत ओळखला, तोच तो विकत मागतोय, आणि तोच खुनाच्या जागी उभा होता. तीन गोष्टी एका माणसापाशी येऊन थांबतात.

पण गेम तुम्हाला अडवत नाही. पात्राच्या कामांच्या वहीत (गेममधल्या जर्नलमध्ये) लिहिलेलं येतं ते योर्लेफला जाऊन सांगण्याचं, आणि मार्करही तिकडेच ओढतो. वुनफर्थला थेट जाऊन विचारण्याचा रस्ता उघडा असतो, पण त्याचा आग्रह कुणी धरत नाही. राजवाड्याच्या वरच्या मजल्यावर त्याची खोली आहे. योर्लेफपासून तिथे जायला दोन मिनिटंही लागत नाहीत. या मुलाने ५०० नाणी घेतली, खाली योर्लेफला सांगितलं, आणि वुनफर्थची रवानगी राजवाड्याच्याच आतल्या ब्लडवर्क्स तुरुंगात झाली. त्यानंतर त्याच्या वहीत काम उरलं नाही. त्याला वाटलं, संपलं.

ही रचना आम्हाला फार चांगली वाटते. बहुतेक गेममध्ये मार्कर हा देवाचा शब्द असतो. इथे मार्कर म्हणजे तुमच्या पात्राने काढलेला निष्कर्ष, आणि पात्र फसलेलं असू शकतं. खुनी तुमच्या तोंडून चुकीच्या माणसाचं नाव वदवतो. हे साध्या साइड क्वेस्टमध्ये करणं सोपं नाही.

निदान

मग घर का मिळत नव्हतं? कारण खुनाचं प्रकरण मिटलेलंच नव्हतं. ह्येरिम हाच गुन्ह्याचा अड्डा, आणि खुनी सापडेपर्यंत योर्लेफ ते विकायला काढत नाही. बग नव्हता, क्वेस्ट मधल्या फाट्यावर उभी होती.

खात्री करायला कन्सोल, म्हणजे गेमला आज्ञा टाइप करून देण्याची खिडकी, उघडला. पीसीवर एस्केपच्या खालची टिल्डची कळ दाबायची. एसक्यूएस, मग जागा सोडून एमएस-अकरा, म्हणजे sqs MS11, असं आडवी रेघ न घालता टाइप केलं की क्वेस्टचे सगळे टप्पे आणि त्यापुढे शून्य किंवा एक असं येतं. एक म्हणजे झालेला टप्पा. गेटस्टेज लिहून तेच नाव दिलं तर चालू टप्पा दिसतो. हे फक्त बघायला वापरा. सेटस्टेजने टप्पा पुढे ढकलायचा मोह बऱ्याच जणांना होतो, आणि इथेच खरे बग तयार होतात: माणसं जागेवर नसतात, मधला प्रसंग झालेला नसतो, आणि वही मात्र पुढे गेलेली. आमच्या मते सेटस्टेज हा शेवटचा उपाय, तोही आधी पूर्ण वेगळी सेव्ह करून.

दुरुस्ती : दोन रस्ते

पहिला रस्ता जुनी सेव्ह असलेल्यांचा. एफ-पाचची क्विकसेव्ह एकच असते, प्रत्येक वेळी तिच्यावरच नवी बसते, म्हणून तिचा इथे उपयोग शून्य. ऑटोसेव्ह तीन फिरत्या असतात. तासाभरात त्याही गेलेल्या. पण या मुलाने खाणावळीत जेवायला जाण्याआधी मेन्यूतून एक स्वतंत्र सेव्ह केलेली सापडली: ह्येरिममधून बाहेर पडल्यावर, ताईत हातात, कॅलिक्स्टोला भेटण्याआधी. हीच पाहिजे होती. त्या सेव्हपासून पुढे दीड दिवसाचा खेळ वाया जात होता. त्याला वाईट वाटलं, पण तो तयार झाला. तपासाच्या प्रत्येक मोठ्या फाट्याआधी स्वतंत्र सेव्ह करायची, ही सवय त्याने त्याच दिवशी लावून घेतली.

दुसरा रस्ता जुनी सेव्ह नसलेल्यांचा. वुनफर्थ तुरुंगात असला तरी गोष्ट पुढे जाते. विंडहेल्म सोडा, दुसऱ्या शहरात काही दिवस काढा, मग रात्री परत या. आणखी एका बाईचा खून होतो. मगच सगळ्यांना कळतं की आत टाकलेला माणूस निर्दोष होता. त्यानंतर तुरुंगात जाऊन वुनफर्थशी बोलायचं. पुढचं सगळं तसंच. किंमत एवढीच की एक जीव गेला, आणि शहरात उभ्या उभ्या वेट करत बसलात तर हे घडायला वेळ लागतो. बाहेर जाऊन परत येणं महत्त्वाचं.

वुनफर्थशी बोलणं

जुन्या सेव्हवरून सुरुवात केली. आधी हेलगर्ड, कारण ती राहिलेली. मग व्हायोला, मग कॅलिक्स्टो. कॅलिक्स्टोला ताईत विकायचा नाही, फक्त त्याचं म्हणणं ऐकायचं. मग योर्लेफला टाळून थेट वरच्या मजल्यावर.

वुनफर्थ आधी चिडतो. आपल्यावर आळ आलाय हे त्याला आवडत नाही. तो स्वतःला विंटरहोल्डच्या जादूगारांच्या कॉलेजचा सन्मान्य सदस्य म्हणवतो. वह्या आणि ताईताचा विषय काढला की तो शांत होतो आणि सांगतो की हा व्हीलस्टोन नव्हेच, हा नेक्रोमॅन्सरचा, म्हणजे मुडदे उठवणाऱ्या जादूगाराचा, ताईत आहे. इथे कॅलिक्स्टोचं खोटं उघडं पडतं. कुणी बोट दाखवत नाही, पण दोन जाणकारांच्या दोन ओळखी आहेत आणि त्यातली एक खरी आहे.

वुनफर्थने खुनांच्या वेळांचा हिशेबही ठेवलेला असतो. त्यावरून तो सांगतो की पुढचा खून स्टोन क्वार्टरमध्ये, म्हणजे बाजाराच्या भागात, लवकरच रात्री होणार. मुलाची प्रतिक्रिया अशी होती: “अरे, हा तर मदत करायला बसला होता की!”

बाजारातली रात्र

इथे बहुतेक लोक दोन चुका करतात आणि मग पुन्हा ‘बग’ म्हणतात.

पहिली, बाजारात उभं राहून टी ही वेट करण्याची कळ दाबून गेममधला वेळ बारा तास पुढे ढकलणं. वेट करताना आजूबाजूची माणसं उड्या मारल्यासारखी आपापल्या जागी जाऊन पडतात, आणि ज्याच्या मागावर आहात तोच नजरेआड होतो. त्यापेक्षा कॅण्डलहार्थ हॉलमध्ये दहा नाण्यांत खोली घ्या, संध्याकाळपर्यंत तिथे वेळ काढा, सहाच्या सुमाराला बाहेर पडा आणि पुढचं चालत, खऱ्या वेळात करा. पहिल्या रात्री काही घडलं नाही तर पुन्हा खानावळीत, दुसऱ्या रात्री पुन्हा बाजारात. या प्रकरणात दुसऱ्या रात्री घडलं.

दुसरी चूक घाईची. कॅलिक्स्टो आरिवान्या नावाच्या बाईच्या मागे मागे चालताना दिसतो. तो खुनी आहे हे तुम्हाला आता माहीत आहे, पण शहराला नाही. त्याने सुरा काढायच्या आधी वार केलात तर तो साध्या नागरिकावरचा हल्ला धरला जातो: हल्ल्याचे ४० आणि मारलंत तर खुनाचे १,००० दंड. गार्ड तुमच्यावर धावून येतात आणि त्या गोंधळात तपास बाजूला राहतो. म्हणून दोन पावलं मागे, हत्यार म्यानात, त्याचा हात बघत राहायचं. सुरा बाहेर आला की लगेच.

सोबत लिडियासारखा सोबती असेल तर त्याला आधीच खानावळीत थांबवून या. गर्दीत सोबत्याचा वार चुकून आरिवान्याला किंवा गार्डला लागला तर सगळं हातातून जातं. अनरिलेंटिंग फोर्ससारखी आरोळीही इथे नको. ती समोर येईल त्या सगळ्यांना लागते, आणि बाजार अरुंद आहे. एक हातातली तलवार किंवा जवळून धनुष्य पुरेसं. कॅलिक्स्टो लढवय्या नाही, दोन-तीन घावांत तो पडतो. उशीर झाला आणि त्याने आरिवान्याला मारलंच तर तो पळत सुटतो, मग मागे लागून गाठावं लागतं.

आमच्या मुलाने सुरा बाहेर येईपर्यंत श्वास रोखून धरला होता, खरंच. खिडकीबाहेर रिक्षांचे हॉर्न, लॅपटॉपचा पंखा घरघरतोय, आणि पडद्यावर बर्फ पडणाऱ्या अंधाऱ्या बाजारात एक माणूस हळूहळू चालतोय. मग सुऱ्याचं पातं चमकलं आणि त्याने एका फटक्यात काम केलं. आरिवान्या वाचली. दंड शून्य.

ज्यांना अजूनही अडकतं

हे सगळं करूनही गार्ड बोलत नाही, किंवा साक्षीदार जागेवर येत नाहीत, असं घडतं. ही क्वेस्ट त्या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. पीसीवर अनऑफिशियल स्कायरिम पॅच हा चाहत्यांनी केलेला दुरुस्तीचा संच बसवला तर तिच्यातल्या बऱ्याच अडचणी मिटतात. तो क्वेस्ट सुरू होण्याआधी बसवावा. चालू क्वेस्टच्या मध्यात बसवून लगेच सगळं सरळ होईल अशी अपेक्षा धरू नका. यादवी युद्धात साम्राज्याने विंडहेल्म जिंकलं असेल तर शहराच्या गादीवर स्टॉर्मक्लोकांचा नेता उल्फ्रिकच्या जागी ब्रुनवुल्फ फ्री-विंटर बसतो आणि कारभारी म्हणून योर्लेफऐवजी कॅप्टन लोनली-गेल असतो. तेव्हा योर्लेफला शोधत बसू नका.

शेवटची कामं

कॅलिक्स्टो पडल्यावर योर्लेफला खबर द्यायची. तिथे क्वेस्ट खऱ्या अर्थाने संपते. ताईत विकलेला नसेल तर तो आता नेक्रोमॅन्सर अम्युलेट म्हणून दिसतो: मॅजिका, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, ५० ने वाढते, कॉन्ज्युरेशनचे, म्हणजे मुडदे उठवण्यासारखे, मंत्र २५ टक्के स्वस्त होतात, पण तब्येत आणि दम परत भरण्याचा वेग ७५ टक्के घटतो. मुडदे उठवणाऱ्या, लांबून लढणाऱ्या पात्राला हा उत्तम. ढाल-तलवारवाल्याने तो गळ्यात घालू नये. या मुलाचं पात्र ढाल-तलवारवालं. त्याने ताईत खानदानी दागिन्यासारखा पेटीत ठेवून द्यायचं ठरवलं.

मग घर. योर्लेफने या वेळी विषय काढल्याबरोबर भाव सांगितला, १२,०००. सजावटीच्या यादीत वेगवेगळ्या खोल्यांचं सामान असतं, आणि त्यातच एक ओळ खुन्याची घाण साफ करण्याची, ५०० नाण्यांची. ती आधी घ्या. ती न घेता घरात गेलात तर रक्ताचे डाग आणि हाडं तशीच पडलेली असतात. मुलाने १२,५०० मोजले. आत गेल्यावर सगळ्यात आधी तो त्या कपाटाकडे गेला आणि मागची फळी सरकवून बघितली.